परस्थ विद्यार्थी आणि आपलीं दप्तरें : नागावच्या अनुषंगानें कांहीं विचार

१. अलिबागच्या दक्षिणेस, अक्षी आणि चौल-रेवदंडा यांच्या दरम्यान, नारळी-पोफळींच्या वाड्यांत वसलेलें नागाव हें अष्टागरांतील एक जुनें गांव होय. कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ मध्यें रायगड झालें; तथापि जुन्या कागदांचा माग काढणारास कुलाबा हेंच नांव ध्यानांत ठेवावें लागतें. ह्या गांवाचा व त्याच्या परिसराचा इतिहास लिहावयाचा म्हटल्यास साधनें कोठें कोठें पाहावीं लागतील, याचा नुसता हिशेब मांडिला तरी एक गोष्ट उघड होते. ती ही कीं, अभ्यासकानें घराचा उंबरठा ओलांडल्यावांचून हा इतिहास लिहून होत नाहीं. आणि ज्या ज्या ग्रंथालयांत तो जाईल, त्यांतील बहुतेक ठिकाणीं तो परस्थच असतो.

परदेशांतून आलेले पदव्युत्तर विद्यार्थी विद्यापीठांचीं ग्रंथालयें कशीं वापरतात, ही चर्चा शिक्षणशास्त्राचे अभ्यासक करीत असतात. ती आपल्या कामाची नव्हे असें कित्येक संग्राहकांस वाटेल. आमचें मत याहून निराळें आहे. मराठ्यांच्या इतिहासाचा बराच भाग अशाच परस्थ वाचकांच्या हातून उजेडांत आला आहे. त्यांतील कांहीं वाचक आपल्याकडून बाहेर गेलेले होते, कांहीं बाहेरून आपल्याकडे आलेले होते. त्यांस दार उघडें मिळालें कीं बंद, यादी मिळाली कीं नुसतें कपाट, यावर काय लिहिलें गेलें व काय अलिखित राहिलें हें ठरत आलें आहे. या दोन्ही बाजूंचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

२. प्रथम नागावचेंच उदाहरण घेऊं. तेथील सर्वांत जुनें साधन कागदाचें नसून दगडाचें आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, हंबीररावाच्या नांवाचा गद्धेगाळ तेथें असून त्यावर अरबी आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींतील मजकूर कोरलेला आहे. शेजारच्या अक्षीचा लेख तर त्याहून प्रसिद्ध. कै. शं. गो. तुळपुळे यांनीं त्याचा काल शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचिला व तो मराठीच्या आद्य लेखांत गणिला. हें वाचन सर्वमान्य झालेलें नाहीं व त्यावर वाद चालू आहे. वाद असला तरी शिळा जागेवर आहेत व त्या पाहण्यास कोणाची चिठ्ठी लागत नाहीं. म्हणूनच वादही करतां येतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

कागदाकडे वळलें म्हणजे मात्र मार्ग फुटतात. चौलचें बंदर पंधराव्या शतकांतच दूरदेशीं ठाऊक होतें. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी इ. स. १४६९ च्या सुमारास येथेंच उतरला. त्याची हकीकत रशियन भाषेंत आहे. १५०८ मध्यें चौलच्या खाडींत पोर्तुगीज आरमाराचा पराभव झाला व लोरेन्सु द आल्मैदा मारला गेला. पुढें १५२१ पासून रेवदंड्यास पोर्तुगीजांचें ठाणें झालें, तें १७४० मध्यें मराठ्यांच्या हातीं येईपर्यंत टिकलें. या दोनशें वर्षांच्या व्यवहाराचे कागद पोर्तुगीज भाषेंत आहेत. त्यांतही गोव्याच्या ज्या दप्तरांत लिस्बनशीं दरवर्षीं होणारा पत्रव्यवहार बांधून ठेवीत, त्या दप्तराचे कित्येक खंड अठराव्या शतकांतच लिस्बनला नेण्यांत आले. म्हणजे एकाच मालिकेचे खंड दोन खंडांत विभागले गेले. पणजीस एक पत्र वाचावें आणि त्याचें उत्तर लिस्बनला शोधावें, अशी स्थिति आहे.

आतां आंग्र्यांचा काल घ्या. इ. स. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर स्वारी केली. इंग्रजांच्या बाजूस कमोडोर मॅथ्यूझ होता, पोर्तुगीजांचा विजरई जातीनें आला होता व बाजीराव पेशवा कान्होजीच्या मदतीस धांवला. चौलहून कुलाब्याकडे येणारी किनाऱ्याची वाट नागाव-अक्षीवरूनच येते. स्वारी फसली, आणि १७२२ च्या जानेवारींत पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं तह केला. ही एकच मोहीम तीन दरबारांच्या कागदांत तीन तऱ्हांनीं उमटलेली आहे. शिवाय क्लेमेंट डाउनिंग या इंग्रज खलाशानें स्वतः पाहिलेल्या गोष्टी १७३७ मध्यें लंडनला छापिल्या, तें चौथें साधन.

हे तिन्ही कागद समोरासमोर ठेविल्याखेरीज साधी तिथिसुद्धां जुळत नाहीं. पोर्तुगीजांनीं १५८२ मध्येंच नवी गणना स्वीकारिली होती. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्याच गणनेनें चालत होते. म्हणून इंग्रजी कागदांतील १३ डिसेंबर म्हणजे पोर्तुगीज कागदांतील २४ डिसेंबर. त्यांतही इंग्रजांचें वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळें, ज्या जानेवारीस आपण १७२२ म्हणतों ती त्यांच्या कागदांत १७२१ ची असते. मराठी कागदांत तर इसन्ने अशरीन मया व अलफ, म्हणजे शुहूर सन ११२२, आणि महिना मुसलमानी चंद्रमानाचा. हा सन मृगास बदलतो. ज्यानें एकाच दरबारचे कागद पाहिले, त्याच्या हातून अकरा दिवसांची, आणि क्वचित् एका वर्षाचीही, गफलत होणें अगदीं सोपें आहे. तीन भाषा आणि तीन कालगणना ज्या एका टेबलावर येतात, तें टेबल कोणत्या तरी ग्रंथालयांतच असावयाचें.

हें काम ज्यांनीं केलें त्यांचीं नांवें इतिहासज्ञांस परिचित आहेत. कलकत्त्याचे सुरेंद्रनाथ सेन यांनीं कान्होजीच्या आरंभीच्या कारकीर्दीवरील आपला ग्रंथ १९४१ मध्यें प्रसिद्ध केला. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हे. गोव्याच्या दप्तराचे प्रमुख पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं पोर्तुगीज दप्तरें मराठी वाचकास खुलीं केलीं. त्यांचें ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हें पुस्तक १९६७ मध्यें पुणें विद्यापीठानें छापिलें. या दोघांनीं परभाषेंतील दप्तराशीं वर्षानुवर्षें सलगी केली नसती, तर कुलाब्याची बखर आपणांस एकाच डोळ्यानें वाचावी लागली असती.

३. आतां आपल्याकडून बाहेर गेलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहूं. श्रीधर व्यंकटेश केतकर हे १९०६ मध्यें अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत गेले. मनुस्मृतीच्या आधारें लिहिलेला त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासाचा पहिला खंड १९०९ मध्यें तेथेंच इथाका गांवीं छापला गेला. मनुस्मृतीचा अभ्यास करण्यास महाराष्ट्रांतून अमेरिकेस जावें लागावें, हें वरवर पाहतां विपरीत वाटतें. परंतु मूळ ग्रंथ, त्याचीं भाषांतरें, इतर समाजांविषयींचे ग्रंथ आणि नियतकालिकांचे संच एका छताखालीं, एका सूचीनें लावलेले, आणि विद्यार्थ्याच्या हातीं तत्काळ पडणारे, अशी सोय त्या काळीं येथें कितपत होती, याचा विचार केल्यास आश्चर्य राहत नाहीं. ज्यानें पुढें महाराष्ट्रास २३ खंडांचा ज्ञानकोश दिला, त्यानें सर्व विद्या एका सूचींत आणण्याची संवय अशा ग्रंथालयांत अंगीं बाणविली असावी, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

विष्णु सीताराम सुखठणकर हे केंब्रिजला गणित शिकून पुढें बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखालीं गेले व तेथें त्यांनीं शाकटायनाच्या व्याकरणावर काम केलें. पोथ्यांच्या पाठांची तुलना कशी करावी, कोणती प्रत कोणत्या प्रतीची लेक हें कसें ओळखावें, ही विद्या त्यांनीं तेथें हस्तगत केली. १९२५ मध्यें भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें संपादकत्व त्यांच्याकडे आलें, तेव्हां तीच विद्या पुण्यास कामीं आली. १९१९ मध्यें हातीं घेतलेलें हें कार्य १९६६ मध्यें पूर्ण झालें.

सर्वांत बोलकें उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर यांचें आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. येथें एक योग नमूद करण्यासारखा आहे. ज्या महाराजांनीं हा विद्यार्थी अमेरिकन ग्रंथालयांत धाडिला, त्यांनींच त्यापूर्वीं १९१० मध्यें विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून राज्यांत गांवोगांवीं वाचनालयांची व्यवस्था उभारविली होती. विद्यार्थी तिकडे व ग्रंथपाल इकडे, असा तो दुहेरी व्यापार होता.

१९१६ मध्यें आंबेडकर लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ मध्यें, प्रबंध अपुरा टाकून, त्यांस परतावें लागलें. पुस्तकांचें सामान ज्या बोटीनें येत होतें ती बोट महायुद्धांत बुडाली व जमविलेले ग्रंथ समुद्रांत गेले. १९२० मध्यें स्वतःच्या कमाईच्या व उसनवारीच्या पैशांवर ते पुन्हां लंडनला पोहोंचले. ब्रिटिश म्यूझियम व इंडिया ऑफिस येथील ग्रंथालयांत दिवसाचे दिवस बसून त्यांनीं रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिला. तो १९२३ मध्यें मान्य होऊन छापला गेला. प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्यें प्रसिद्ध झाला. दोन्ही विषय हिंदुस्थानचे. परंतु इंग्रज सरकारचीं हिशेबांचीं बाडें, समित्यांचे अहवाल आणि जुनीं चोपडीं जेथें एकत्र मिळत तें ठिकाण लंडन होतें. पारतंत्र्याचें हें एक कडू फळच म्हटलें पाहिजे, कीं देशाचा जमाखर्च पाहण्यास समुद्र ओलांडावा लागे.

या तिघांच्या उदाहरणांवरून परस्थ विद्यार्थ्याची खरी अडचण ध्यानांत येते. बुद्धि किंवा उद्योग यांची उणीव त्यास नसते; उणीव असते ती कालाची. घरचा संशोधक एका दप्तरास वीस वर्षें देऊं शकतो. राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून दप्तरें धुंडाळिलीं, त्यांस मुदत घालणारा कोणी नव्हता. परदेशांत गेलेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ति, परवाना आणि पैसा हीं तिन्ही दिवसांवर मोजलेलीं असतात. त्यास पहिल्या आठवड्यांत यादी हातीं मिळाली तर तो मूळ कागदापर्यंत जातो. न मिळाली तर छापील पुस्तकांवर भागवितो व परत जातो. मग त्याच्या ग्रंथांत मूळ साधनें नाहींत म्हणून आपण त्यास नांवें ठेवितों.

४. बाहेरून आपल्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांचा अनुभव हेंच सांगतो. लायडन विद्यापीठांत तयार झालेले आंद्रे विंक यांनीं अठराव्या शतकांतील मराठी स्वराज्याच्या जमीनव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तो १९८६ मध्यें प्रसिद्ध झाला. जपानचे हिरोशी फुकाझावा यांचे दख्खनच्या ग्रामव्यवस्थेवरील लेख १९९१ मध्यें ग्रंथरूपानें आले. अशा अभ्यासकांस जो पाया मिळाला तो आपल्याच पूर्वसूरींनीं छापून ठेविलेल्या साधनांचा होता. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतून निवडलेले ४५ खंड संपादिले. तत्पूर्वीं हें दप्तर सरकारी कचेरीच्या कुलपांत होतें व संशोधकांस त्यांत मोकळा प्रवेश नव्हता. कुलूप निघालें, निवडक कागद छापले गेले, आणि टोकियोपासून लायडनपर्यंत मराठ्यांच्या इतिहासाचे विद्यार्थी निर्माण झाले.

महानुभाव वाङ्मयाची कथा याहून उद्बोधक आहे. या पंथाच्या पोथ्या सकळा इत्यादि सांकेतिक लिपींत असल्यानें शतकानुशतकें बाहेरच्यांस अगम्य होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं भावे-राजवाडे प्रभृतींच्या प्रयत्नानें त्यांचा उलगडा झाला. पुढें लंडनच्या प्राच्यविद्या शाळेंतील इयन रेसाइड यांनीं १९६० मध्यें महानुभाव ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या विद्यार्थिनी ॲन फेल्डहाउस यांनीं सूत्रपाठ हा प्रबंधाचा विषय घेतला, आणि तुळपुळे यांच्यासह सिद्ध केलेला त्यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्यें मुंबईस प्रसिद्ध झाला. आज अक्षीचा वा नागावचा लेख वाचूं इच्छिणारा मराठी विद्यार्थीही तो कोश उघडतो. परस्थ विद्यार्थिनीस दिलेली पोथी अशी व्याजासह घरीं परत आली.

अमेरिकन विद्यापीठांत मराठी ग्रंथांचे मोठे संच कसे झाले, हेंही संग्राहकांनीं जाणून घ्यावें. हिंदुस्थाननें घेतलेल्या अमेरिकन धान्याची किंमत रुपयांत जमा होत असे. त्या रुपयांतून १९६२ पासून येथील छापील पुस्तकें विकत घेऊन तिकडील ग्रंथालयांस पाठविण्याची योजना चालली. त्यामुळें आपल्याकडे ज्याची प्रत दुर्मिळ झाली असें एखादें मराठी पुस्तक शिकागोस मिळावें, असें घडतें. ही मत्सराची बाब नव्हे. तेथें तें सूचींत आहे म्हणून मिळतें. आपल्याकडे तें माळ्यावर असलें तरी नसल्यासारखेंच.

या ठिकाणीं भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांचें स्मरण करणें उचित होय. १९१९ पासून ते तेथील हस्तलिखितसंग्रहाचे प्रमुख होते. देशोदेशींच्या अभ्यासकांस कोणती पोथी कोठें आहे हें कळविणें व तिची माहिती पुरविणें, हें काम त्यांनीं आयुष्यभर केलें. आणि तें करीत असतांनाच स्वतःचे शेंकडों शोधलेख लिहिले. दुसऱ्यास साधनें दिल्यानें स्वतःचें संशोधन आटतें, ही भीति किती निराधार आहे हें त्यांच्या चरित्रावरून कळतें.

५. उलट बाजूचाही एक प्रसंग सांगणें प्राप्त आहे. एका अमेरिकन लेखकाच्या २००३ मध्यें निघालेल्या शिवाजीविषयक ग्रंथांतील मजकुरावर महाराष्ट्रांत क्षोभ झाला. त्यानें प्रस्तावनेंत भांडारकर संस्थेचे आभार मानले होते. ५ जानेवारी २००४ रोजीं जमावानें संस्थेवर हल्ला केला आणि ग्रंथ, पोथ्या व कपाटें यांची नासधूस झाली. त्या लेखकाचें लिहिणें ज्यांस निंद्य वाटलें त्यांस तें खोडून काढण्याचा पूर्ण अधिकार होता. आणि खोडून काढण्याचीं साधनें त्याच कपाटांत होतीं. वाचकाच्या निष्कर्षाबद्दल ग्रंथालयास जबाबदार धरलें, तर उद्यां कोणताही ग्रंथपाल अनोळखी माणसास पोथी दाखविणार नाहीं. परस्थास दार बंद झालें म्हणजे घरच्यासही तें बंदच होतें. कारण कुलूप मनुष्य पाहून लागत नसतें.

६. आतां हें सर्व नागावकडे व अष्टागराकडे पुन्हां लावून पाहूं. सरकारी दप्तरें पुणें, मुंबई, पणजी व लंडन येथें आतां वाचकास खुलीं आहेत. इंडिया ऑफिसचा संग्रह १९८२ पासून ब्रिटिश लायब्ररीच्या ताब्यांत आहे. खुलें नाहीं तें घरगुती दप्तर. वाडीच्या खरेदीखताचा कागद, देवस्थानच्या इनामाची नक्कल, खोताच्या वसुलाची वही, गलबताच्या मालाची याद, हे कागद दरबारी दप्तरांत येत नाहींत. कोणती पोफळी कोणाची, पाण्याची पाळी कोणाची, हें गांवाचें खरें जीवन त्यांतच सांपडावयाचें. आणि समुद्रकांठची खारी दमट हवा, कसर आणि वाळवी यांस मुदतवाढ ठाऊक नाहीं. परस्थ विद्यार्थ्याची घाई आणि किनाऱ्यावरील कागदाची घाई एकाच जातीची आहे.

कागद घराबाहेर द्यावा असा आमचा आग्रह नाहीं. वडिलार्जित दप्तराविषयींची माया आम्ही जाणतों. तिच्याच बळावर आजवर तें टिकलें. परंतु तीन गोष्टी घरीं राहूनही करतां येतात. पहिली, यादी. कागदाची लिपि मोडी कीं बाळबोध, कागदावर लिहिलेला सन जसाच्या तसा, कोणाचें कोणास, आणि विषय एका ओळींत. सन स्वतः बदलून लिहूं नये. शुहूर सनाचा इसवी सन करतांना जी चूक होते ती पुढें पिढ्यानपिढ्या चालते. दुसरी, छायाचित्र. आज खिशांतल्या यंत्रानेंही स्पष्ट प्रतिमा निघते. दोन प्रती करून एक संशोधनमंडळाकडे ठेवावी, म्हणजे मूळ कागदास पुन्हां पुन्हां हात लागणार नाहीं. तिसरी, नियम. कोणास, केव्हां व कोणत्या अटीवर कागद दाखवावयाचा, हें एकदां लिहून ठेवावें. परस्थास नकाराहूनही अनिश्चितता अधिक जाचते. ‘पुढच्या वर्षीं या’ हें उत्तर ज्याची मुदत याच वर्षीं संपते त्यास नकारच असतो.

आणि मोडीचें शिक्षण. परदेशांतून येणारा विद्यार्थी बहुधा देवनागरी मराठी शिकून येतो. मोडी त्यास येथेंच शिकावी लागते. परंतु आज मराठी घरांतील तरुणासही ती येत नाहीं. स्वतःच्या आजोबांच्या दप्तरापुढें तोही परस्थच आहे. म्हणून परस्थासाठीं जी सोय करावयाची ती वास्तविक आपल्याच नातवंडांसाठीं आहे. कॉर्नेलनें, बर्लिननें व लंडननें आपल्या विद्यार्थ्यांस कपाट उघडून दिलें, तेव्हां त्यांचें गोत्र विचारलें नाहीं. तें ऋण फेडण्याचा मार्ग अष्टागरांतील एखाद्या घराच्या माळ्यावरून जातो. ज्यांच्या संग्रहीं चौल, नागाव, अक्षी या बाजूचे कागद असतील, त्यांनीं निदान त्यांची यादी सिद्ध करून प्रसिद्धीस द्यावी, अशी सर्व संग्राहकांस विनंति आहे.